टाइल फोडू देण्याआधी गिझरचा कॉक बंद करून बघा

बेसिनच्या नळाला कढत पाणी, शॉवरला मात्र कोमट. मिस्त्री येतो, शॉवरखाली हात धरतो, डायव्हर्टरचा (गरम-गार मिसळून शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत बसवलेला मिक्सर) दांडा दोनदा फिरवतो आणि निकाल देतो, "मॅडम, आतली बॉडीच गेलीय. टाइल फोडायला लागेल." लगेच पुढचं, "गिझर पण जुना झालाय, आत्ताच बदलून घ्या." नवी बॉडी, टाइल, मजुरी आणि वर गिझर, असा हिशेब १५-२० हजारांवर सहज जातो. वास्तविक बेसिनला कढत पाणी येतंय म्हणजे गिझर ठीक आहे, हे तिथल्या तिथेच सिद्ध झालेलं असतं.

भिंतीतली पितळी बॉडी सहसा बिघडत नाही. बिघडते ती तिच्यात बसवलेली कार्ट्रिज, म्हणजे गरम-गार पाणी सोडणारा सुटा भाग. एका दांड्याच्या डायव्हर्टरमध्ये ती बहुधा ३५ किंवा ४० मिलिमीटरची असते, आत सिरॅमिकच्या दोन चकत्या. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातली रेती आणि क्षार गरम पाण्याच्या भोकात अडकतात, नाहीतर सील झिजून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. ती समोरूनच निघते: दांड्याचा ॲलन स्क्रू, पत्र्याची फ्लँज, पितळी नट, झालं. बाथरूमचा स्टॉप कॉक बंद करून अर्ध्या तासात होणारं काम. जुनी कार्ट्रिज दुकानात नेऊन त्याच मापाची, त्याच कंपनीची घ्यावी, कारण खालच्या खुंट्या आणि भोकं जुळली नाहीत तर गळती ठरलेली.

मिस्त्रीला बोलावण्याआधी ही तपासणी करा, पान्हासुद्धा लागत नाही. गिझरचं बटण बंद. गिझरला गार पाणी आत नेणारा अँगल कॉक बंद. आता डायव्हर्टर पूर्ण गरमकडे वळवून उघडा. काही सेकंदांत धार थांबली पाहिजे. थांबली नाही, तर कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी उलटं गरम लाइनमध्ये येतंय. बेसिनच्या मिक्सरचे खालचे दोन्ही अँगल कॉक बंद करून पुन्हा बघा: धार थांबली तर दोष बेसिनच्या मिक्सरमध्ये, वाहत राहिली तर डायव्हर्टरमध्ये. पहिल्याच वेळी धार थांबली असेल, तर गरम बाजूला कचरा अडकलाय. (हँडशॉवरचा खटका दाबून पाणी थांबवायचं आणि मिक्सर मधोमध उघडा ठेवायचा, या सवयीनेही गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. त्यावर औषध फुकट आहे, मिक्सर बंद करा.)

कॉइलचा खेळ वेगळा. गिझर उघडून पांढरे थर चढलेली कॉइल हातावर ठेवतात, "जळाली." थर म्हणजे क्षार, जळणं नव्हे. कॉइलच्या वायर काढून मल्टिमीटर लावायला सांगा. २००० वॅटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते, ३००० वॅटची १७-१८. आकडा आला आणि कॉइलच्या टोकापासून तिच्या बाहेरच्या धातूला करंट जायची वाट नसेल, तर थर खरवडून ती परत बसते. काटा हललाच नाही तर मात्र कॉइल खरंच गेली. कधी फक्त थर्मल कटआउटचं (पाणी जास्त तापलं की वीज तोडणारं) बटण उडालेलं असतं, ते दाबलं की गिझर सुरू. पुन्हा पुन्हा उडत असेल तर थर्मोस्टॅट बदलायचा.

थंडीत हा धंदा जोरात चालतो, कारण तेव्हा पाणी खरंच पुरत नाही. १५ लिटरच्या गिझरमधलं ६० अंशांचं पाणी २५ अंशांच्या पाण्यात मिसळलं, तर अंघोळीचं ४० अंशांचं ३५ लिटर मिळतं. टाकीतलं पाणी १६ अंशांवर उतरलं की तेच २७-२८ लिटर. गिझर तोच, बिघाड शून्य. २ किलोवॅटची कॉइल १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १८-२० मिनिटं घेते. घड्याळ लावून बघा.

सगळ्यात महागात पडतो तो प्रेशर पंप. वरच्या मजल्यावर टाकीची उंची जेमतेम ३-४ मीटर, म्हणजे दाब ०.३-०.४ बार. धार बारीक, म्हणून पंप विकला जातो आणि तो टाकीच्या पाइपातून गिझरकडे जाणारा फाटा सुटल्यानंतर, फक्त गार लाइनवर बसवला जातो. आता गार पाणी जोरात, गरम मागे रेटलं जातं. आठवड्याने तोच माणूस मोठा गिझर सुचवायला हजर! पंप फाट्याच्या आधी हवा, म्हणजे दोन्ही लाइनना सारखा दाब. गिझर किती बार दाब सोसतो, ते त्याच्या पाटीवर आधी वाचावं.

टाइल फोडणं खरोखर आलंच, तर पाइपवरची छपाई बघितल्याशिवाय भिंत बुजवू देऊ नका. गरम लाइनला सीपीव्हीसीच (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) हवा, त्यावर आयएस १५७७८ आणि एसडीआर ११ (पाइपच्या जाडीचा आकडा) छापलेलं असतं. बिल सीपीव्हीसीचं आणि भिंतीत पांढरा यूपीव्हीसी, ही जुनी युक्ती. तो गरम पाण्याने मऊ पडतो आणि काही महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल येते. जोड चिकटवायचं सोल्युशनही सीपीव्हीसीचंच लागतं. जोड एक रात्र वाळू द्या, मग हातपंपाने ७ किलोचा दाब देऊन काटा तासभर तिथेच राहतो का ते स्वतः बघा, फोटो काढा. काढलेली पितळी बॉडी मिस्त्री "भंगार आहे, घेऊन जातो" म्हणेल. पितळ किलोवर विकलं जातं. ती घरात ठेवा.