मिडसाइज पिकअप : ५ फुटी हौदा की ६ फुटी?

एक फुटाचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. ८ फुटी प्लायवूड ठेवून पाहा. ५ फुटी हौद्यात फाळका (मागचे खाली पडणारे दार) पाडूनही ते दीडेक फूट बाहेर राहते. ६ फुटीत फाळक्यावर जवळजवळ पूर्ण टेकते. रुंदीची अडचण मात्र दोन्हींत सारखीच. चाकांवरच्या उंचवट्यांमधली जागा सहसा ४ फुटांहून कमी असते, म्हणून हौद्याच्या खाचांत आडव्या फळ्या अडकवून शीट वरून टाकावे लागते. मोटरसायकलही ५ फुटीत फाळका उघडा ठेवूनच जाते. मग मागचे वजन फाळक्याच्या दोरांवर येते, आणि त्यांची क्षमता मर्यादित असते.

खरा पेच कॅबचा, म्हणजे माणसे बसतात त्या केबिनचा. लहान एक्स्टेंडेड कॅब घेतली की ६ फुटी हौदा असूनही गाडी आटोपशीर राहते, पण मागची जागा पिशव्यांचीच समजा; मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट तिथे सहसा मावत नाही. चार दारांच्या क्रू कॅबला ६ फुटी हौदा जोडला की बहुतेकदा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) वाढतो: वळायला जास्त जागा लागते, रस्त्यावरच्या उंचवट्यावर पोट घासते. ट्रेलर ओढताना मात्र हीच लांबी गाडी स्थिर ठेवते. मोठ्या कॅबचे वजन पेलोडमधून (गाडी वाहू शकते त्या भारातून) वजा होते. दाराच्या चौकटीवरचे स्टिकर वाचा, जाहिरात नको.

मागे रोज माणसे बसत असतील तर क्रू कॅब आणि ५ फुटी. नसतील तर एक्स्टेंडेड, बिनदिक्कत.