एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशन: डुक्कर अजून तसंच मागे धावतं

२००२-०३ ची गोष्ट असेल, मे महिन्यात साताऱ्याला मावशीकडे गेलो की दुपारची जेवणं झाल्या झाल्या मी आणि माझा मावसभाऊ, मी त्याला दादाच म्हणते, घराजवळच्या सायबर कॅफेत पळायचो, तासाला वीस रुपये, चार कॉम्प्युटर लॅनवर जोडलेले, माउसच्या खालच्या बॉलमध्ये केसाचा गुंता आणि वर पंखा गरगरतोय. तिथे एज ऑफ एम्पायर्स २ खेळायला शिकले. त्यामुळे आधीच सांगते, हा रिव्ह्यू अगदी तटस्थ वगैरे नाहीये, हा गेम माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि म्हणूनच तो नव्याने बनवायला कोणी हात लावणार म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९९ मध्ये एन्सेंबल स्टुडिओजने काढलेला, राज्य उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम, २००० मध्ये त्याला द कॉन्करर्स हे एक्स्पान्शन, म्हणजे जोडभाग, आलं आणि आपल्याकडे बहुतेकांनी तेच खेळलंय. एक टाउन सेंटर, तीन व्हिलेजर म्हणजे कामकरी माणसं आणि घोड्यावरचा एक स्काउट म्हणजे टेहळ्या, एवढ्यावर डार्क एज या पहिल्या युगात सुरुवात करायची, मेंढ्या शोधायच्या, लाकूड तोडायचं, शेती करायची आणि मग फ्यूडल, कॅसल, इम्पीरियल असं चढत जायचं. २०१३ मध्ये एचडी एडिशन आली आणि १४ नोव्हेंबर २०१९ ला ही डेफिनिटिव्ह एडिशन. म्हणजे मूळ गेमला वीस वर्षं झाल्यावर.

आता खरा प्रश्न, जुन्या चांगल्या गेमला परत बनवायची गरज असते का? मी पूर्वी ठामपणे नाही म्हणायचे. पण मग खेळायचा कशावर ते सांगा! जुन्या गेमचे ते २५६ रंग आणि नवीन विंडोज यांचं पटेना, गवत भलत्याच रंगाचं दिसायचं, लोक एक्सप्लोरर बंद करून गेम चालू करायचे, असले सगळे उद्योग. माझी स्वतःची सीडी तर चरे पडून पडून मेली आणि कॉम्प्युटरवर जे इन्स्टॉल केलेलं होतं ते एका दुरुस्तीवाल्याने विंडोज परत टाकताना पुसून टाकलं, न विचारता. दादा तोपर्यंत जर्मनीला गेला होता, लॅन कुठून आणायची. गेम कितीही सोन्यासारखा असला तरी समोर खेळायला माणूसच नसेल तर ते सोनं पेटीत पडून राहतं. तेव्हा माझं मत बदललं. गरज असते, पण चकचकीत दिसण्यासाठी नाही, चालण्यासाठी आणि सोबत मिळण्यासाठी.

तर पहिल्या रात्री काय झालं ते सांगते. गेम सुरू केला, अरेबियाचा मॅप, मेंढ्या सापडल्या, दोन घरं बांधली आणि आता डुक्कर आणायची वेळ झाली. खेळणाऱ्यांना माहितीये हा प्रकार. रानडुकरात ३४० अन्न असतं पण ते जंगलात लांब असतं, तिथेच मारलं तर माणूसही मरतो आणि मांसही तिथेच सडतं, म्हणून एका व्हिलेजरला पाठवायचं, त्याने बाण मारून डुकराला चिडवायचं आणि जीव घेऊन टाउन सेंटरकडे पळत सुटायचं, डुक्कर मागे, आणि ते दारात आलं की मेंढ्या कापणाऱ्या बाकीच्यांनी मिळून त्याच्यावर तुटून पडायचं. यात सगळा खेळ क्षणाचा आहे. लवकर वळलात तर डुक्कर मागे येतच नाही, उशीर केलात तर व्हिलेजर गेला. मी जवळजवळ पंधरा वर्षं हे केलं नव्हतं. आणि बाण सुटल्याचा आवाज आला तसा माझा हात आपोआप माउसवर वळला, व्हिलेजर पळाला, डुक्कर आलं, सगळं अगदी त्याच ठेक्यात. मला खरंच भरून आलं. ग्राफिक्स फोर-के झालेत, झाडांची पानं मोजता येतात, पण डुकराचा वेग तोच आहे. ज्याने हा वेग जपला त्याला गेम कळलाय.

आणि ते असं आपोआप झालेलं नाही. हे बनवणाऱ्या फॉरगॉटन एम्पायर्सच्या टीमची सुरुवातच फॅन म्हणून झाली, मूळ कंपनी बंद पडलेली असताना त्यांनी स्वतःच नव्या सिव्हिलायझेशनचा, म्हणजे खेळायला निवडायच्या नव्या राज्यांचा, मॉड (चाहत्यांनी गेमला जोडलेली भर) बनवला आणि २०१३ मध्ये तोच एचडीसाठी द फॉरगॉटन या नावाने अधिकृत एक्स्पान्शन झाला. म्हणजे ज्यांच्या हाताला हा गेम आधीच अंगवळणी पडलेला होता त्यांच्याच हातात काम आलं. इंजिनही मुळात तेच जुनं ठेवलं, गेमचं उगाच थ्रीडी केलं नाही, वरून तिरका दिसणारा तोच सपाट मॅप, फक्त प्रत्येक चित्र नव्याने काढलेलं. किल्ला पडताना आता एक एक दगड ढासळत खाली येतो, पूर्वी एकदम ढिगारा व्हायचा. पहिल्यांदा मी माझाच किल्ला पडताना बघत बसले आणि सैन्य वाचवायचं राहून गेलं.

याच्या उलट काय होतं ते बघायचं असेल तर जीटीए ट्रिलॉजी बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, जीटीए थ्री, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास तिन्ही नव्या अनरियल इंजिनात घातलेले. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की जीटीएवाल्या रॉकस्टार कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. दुकानांच्या पाट्या कॉम्प्युटरकडून मोठ्या करून घेतल्यामुळे त्यावरची स्पेलिंगं चुकली वगैरे सगळं खूप लिहून झालंय, पण माझ्या मते मूळ दुखणं वेगळं होतं, धुकं. सॅन अँड्रियासचा मॅप खरं तर तेवढा मोठा नाहीये. प्लेस्टेशन टूची ताकद कमी होती म्हणून लांबचं सगळं धुरकट ठेवलं होतं, आणि त्या धुरकटपणामुळेच गेममधल्या लॉस सांतोस शहरातून गाडी घेऊन निघालं की वाटायचं आपण राज्य ओलांडून चाललोय, डोंगराच्या पलीकडे काय असेल कोण जाणे. सुरुवातीच्या रिमास्टरमध्ये ते धुकं काढलं, हवा एकदम स्वच्छ, आणि डोंगरावर उभं राहिलं की अख्खी शहरं एका नजरेत, जवळजवळ, खेळण्यातल्या गावासारखी. नजर मोठी झाली आणि जग लहान झालं. नंतर २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या अपडेटने जुना उजेड बऱ्यापैकी परत आणला, म्हणजे चूक काय होती ते शेवटी कळलं असं मी धरते.

सायलेंट हिल या भुताटकीच्या गेमचंही तेच, त्यातलं धुकंही मशीनची मर्यादा झाकायलाच आलं होतं आणि तेच त्या गेमचा जीव झालं. सायलेंट हिल २ चा २०२४ चा रिमेक पूर्ण नव्याने बनवलाय, कॅमेरा बदलला, मारामारी बदलली, पण धुकं ठेवलं, कारण त्यांना माहिती होतं लोक घाबरतात ते न दिसणाऱ्या गोष्टीला. म्हणून रिमेक की रिमास्टर हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. रिमास्टर म्हणजे जुन्या घराला रंग आणि नवी वायरिंग, रिमेक म्हणजे पाडून परत बांधणं. दोन्ही चालतं, उंबरा कुठे होता हे बांधणाऱ्याला माहीत असलं म्हणजे झालं.

अजून एक, आणि याबद्दल मी जरा चिडूनच बोलते. नवीन आणलं म्हणून जुनं काढून घेऊ नका! २०२० च्या जानेवारीत ब्लिझार्ड कंपनीचा वॉरक्राफ्ट ३ रिफोर्ज्ड, म्हणजे जुन्या वॉरक्राफ्ट ३ चा रिमास्टर, आला तेव्हा ज्यांनी तो विकतही घेतला नव्हता त्यांचाही जुना ऑनलाइन गेम नव्या प्रोग्रॅमखाली गेला, आणि आधी असलेल्या काही सोयी सुरुवातीला गायब. त्याच कंपनीने २०१७ मध्ये स्टारक्राफ्टचं मात्र इतकं छान केलं होतं, मूळ गेम फुकट देऊन टाकला आणि रिमास्टरमध्ये एफ ५ दाबलं की जुनी चित्रं, परत दाबलं की नवी. एवढंच हवं असतं हो. इथे एज २ च्या बाबतीत ज्यांच्याकडे एचडी होती त्यांच्या लायब्ररीत ती तशीच राहिली, शिवाय डेफिनिटिव्हमध्ये समोर खेळणारा कॉम्प्युटर खेळाडू कोणता घ्यायचा तेही निवडता येतं, जुन्या सीडीच्या काळातला, एचडीचा किंवा नवीन. जुना कॉम्प्युटर सगळ्यात अवघड लेव्हलला फुकटचं सामान घेऊन जिंकायचा, नवीन तसं करत नाही, तो खरोखर चांगला खेळतो आणि मी अजून एक्स्ट्रीम या सगळ्यात अवघड लेव्हलला त्याच्याकडून हरते.

बदललेल्या गोष्टींपैकी मला सगळ्यात आवडलेली म्हणजे शेत. १९९९ च्या मूळ गेममध्ये शेत संपलं की संपलं, तुम्ही लढाईत गुंतलेले आणि इकडे दहा माणसं हात बांधून उभी, मग एकेक शेत परत हाताने लावायचं. कॉन्करर्समध्ये गिरणीत आधीच पैसे भरून, म्हणजे लाकूड भरून, पुढची शेतं रांगेत लावता यायला लागली. आता एक बटण एकदा चालू केलं की लाकूड असेपर्यंत शेत आपलं आपण परत पेरलं जातं. काही जुने खेळाडू म्हणतात याने गेम सोपा झाला, हे काम लक्षात ठेवणं हेच कसब होतं. मला नाही पटत. डुक्कर आणणं हे कसब आहे, तिथे डोकं आणि हात दोन्ही लागतात. शेत परत लावणं ही नुसती मजुरी होती. कसब ठेवलं आणि मजुरी काढली, सुधारणा करायची तर अशी. स्काउटला आपोआप फिरायला लावायचं बटणही नंतरच्या अपडेटमध्ये आलं, ते मात्र मी वापरत नाही, मेंढ्या मला स्वतःलाच शोधायच्या असतात.

आणि आता आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट. एचडीच्या काळात गेममध्ये इंडियन्स नावाची एकच सिव्हिलायझेशन होती, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे एकाच टोपलीत. युरोपात ब्रिटन, फ्रँक, ट्यूटन, गॉथ, सेल्ट वेगवेगळे आणि आपण सगळे एक! २८ एप्रिल २०२२ ला डायनॅस्टीज ऑफ इंडिया हे एक्स्पान्शन आलं आणि त्याचे चार भाग झाले, हिंदुस्थानी, बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर. खेळायलाही चारही अगदी निराळे. बंगाल्यांकडे रथ आणि हत्ती, द्रविडांकडे उरुमी म्हणजे लवचिक पात्याची तलवार चालवणारे आणि जबरदस्त आरमार, गुर्जरांकडे चक्र फेकणारे आणि बाण चुकवत येणारे घोडेस्वार, शिवाय गुर्जर मेंढ्या न कापता गिरणीत ठेवून त्यांच्यापासून हळूहळू अन्न मिळवतात. राजेंद्र चोळाची मोहीम खेळताना माझा अकरा वर्षांचा भाचा शेजारी बसला होता, त्याने विचारलं, मावशी, आपल्या राजाकडे खरंच एवढी जहाजं होती? मग आम्ही गेम थांबवून तासभर चोळांचं वाचत बसलो. हे मूळ गेममध्ये नव्हतं, असूच शकलं नसतं, आणि हे मिळालं म्हणून मला रिमास्टर हवा होता असं आज म्हणते.

मराठे नाहीत, ते बरोबरच आहे, गेमचा काळ साधारण सोळाव्या शतकाशी संपतो. पण देवगिरीचे यादव त्या काळात चपखल बसतात आणि त्यांच्या नावाची वेगळी सिव्हिलायझेशन नाही ही माझी मनापासूनची खंत आहे. देवगिरीच्या किल्ल्याचा तो तासलेला कडा, तो खंदक, कोणी नुसतं जाऊन बघितलं तरी पूर्ण मोहीम सुचेल.

त्रास काहीच नाही असं नाही. सैनिक गर्दीत एकमेकांना अडतात, यावर खेळाडू वर्षानुवर्षं बोलतायत आणि दुरुस्तीचे पॅच येतच असतात. सिव्हिलायझेशन आता इतक्या झाल्यात की नवीन माणूस यादी बघूनच दमतो, मीही सगळ्या लक्षात ठेवत नाही. जागा भरपूर लागते, फोर-केची चित्रं वेगळी मोफत डाउनलोड करायची असतात, साधा लॅपटॉप असेल तर ती टाकूच नका, त्याशिवायही छान दिसतं. २०२३ च्या जानेवारीत एक्सबॉक्सवरही आला, तिथे कंट्रोलरवर खेळताना व्हिलेजरना कामं आपोआप वाटून द्यायची सोय केलीये, तरी मी म्हणेन हा गेम माउसचाच.

भाच्याला शिकवायला गेममधलेच आर्ट ऑफ वॉर नावाचे छोटे धडे फार उपयोगी पडले, ठरलेल्या वेळात कॅसल एजला पोचा, हल्ला परतवा, मेडल मिळतं, मुलं त्यासाठी जीव टाकतात. तो आता डुक्कर माझ्यापेक्षा नीट आणतो.

घेणार असाल तर आधी नुसता मूळ डेफिनिटिव्ह घ्या, त्यातच महिनोन्महिने जातील, सेल वारंवार लागतात तेव्हा घ्या, मग डायनॅस्टीज ऑफ इंडिया, बाकीचं मन झालं तर. कोणी पूर्वी सायबर कॅफेत खेळलेला मित्र हरवला असेल तर त्यालाही घ्यायला लावा. दादा आणि मी आता दर शनिवारी रात्री साडेदहाला खेळतो, त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. गेल्या शनिवारी त्याचा व्हिलेजर डुकराने मारला आणि मी चॅटमध्ये ११ टाइप केलं (त्यावर गेम हसण्याचा आवाज वाजवतो), तेच जुनं खदाखदा हसणं त्याच्या हेडफोनमध्ये वाजलं, आणि तो वीस वर्षांपूर्वीसारखाच वैतागून म्हणाला, थांब तू, येतोच तुझ्याकडे.