वेष्टनावर ९९००, आत ९००: नकली मालाची फसवणूक कुठे पकडायची

१८६५० मापाच्या लिथियम सेलवर ‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं दिसलं की तिथेच थांबा. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. एवढ्या नळकांड्यात चांगले उत्पादक साधारण ३५०० ते ३६०० एमएएच बसवतात, अगदी अलीकडच्या महागड्या सेलमध्ये ४०००च्या आसपास. ९९०० म्हणजे लिटरभराच्या तांब्यात तीन लिटर पाणी. तरी असे सेल टॉर्चमधून, पॉवर बँकेतून, सौर कंदिलातून राजरोस विकले जातात आणि माणसं पूर्ण विश्वासाने घेतात.

घेणाऱ्याला मूर्ख ठरवणाऱ्यांचा मनापासून संताप येतो. ‘स्वस्तात मिळतंय म्हणून भुललात’ हे फसलेल्याला हमखास ऐकवलं जातं. जाणूनबुजून ‘फर्स्ट कॉपी’ घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण बॅटरी, वायर, औषध, ब्रेक पॅड नकली हवेत म्हणून कोणी घेत नाही. अशा मालाची किंमत बऱ्याचदा अस्सलच्या जवळपासच ठेवलेली असते, कारण फार स्वस्त दिसलं तर संशय येतो हे बनवणाऱ्याला चांगलं कळतं. पूर्ण पैसे मोजून, खोका बघून, होलोग्राम बघून घेतलेल्या मालात माणूस फसतो. होलोग्रामही नकली माल बनवणाराच छापतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

कळायला हवं होतं तो क्षण वस्तू हातात येते तेव्हाचाच असतो, आणि तो दर वेळी निसटतो. अस्सल १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. नकली बहुधा ४०च्या खाली, कधी तिशीतच. स्वयंपाकघरातला तोलकाटा याला पुरतो. पण बॅटरी तोलून घ्यायची असते हे कोणाच्या मनात येणार? हलकी लागली की ‘नवं तंत्रज्ञान असेल’ असं आपण स्वतःच स्वतःला समजावतो. क्षमता मोजणाऱ्या टेस्टरवर लावल्यावर ९००च्या आगेमागे आकडा येतो, तोवर वस्तू परत करायची मुदत संपलेली असते.

पॉवर बँकेचा हिशेबही असाच. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टला ७४ वॅट-तास. ३५०० एमएएचचे सेल धरले तर सहा लागतात, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन २८० ग्रॅमच्या घरात. चपटे पॉलिमर सेल असले तरी फार फरक पडत नाही. अख्खी पॉवर बँक २०० ग्रॅम भरत असेल तर छापलेला आकडा खोटा आहे, पुढची चाचणी करायची गरजच नाही. एक मात्र लक्षात ठेवा: अस्सल २०,०००च्या पॉवर बँकेतूनही ५ व्होल्टला १२ ते १३ हजारच बाहेर पडतात. व्होल्टेज वाढवताना एमएएच घटतात, वर थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. ती फसवणूक नव्हे, आणि त्यावरून तक्रार केलीत तर तुमची खरी तक्रारही हसण्यावारी नेतील.

हे सेल येतात कुठून? बरेचसे लॅपटॉपच्या टाकून दिलेल्या बॅटऱ्यांतून. पॅक फोडतात, वेल्डिंगच्या पट्ट्या उपटतात, टोकं घासतात, नवं रंगीत आवरण चढवून गरम हवेने आवळून बसवतात. आवरणाच्या आत टोकांवर खरवडल्याच्या खुणा किंवा वेल्डचे बारीक ठिपके दिसले तर सेल जुना. चांगल्या नव्या सेलचा अंतर्गत रोध (सेलच्या आतच विजेला होणारा अडथळा) बहुतेक वेळा २० ते ५० मिलीओहम असतो. जुना सेल बऱ्याचदा १००च्या वर जातो आणि चार्जिंगला तापतो. दाब वाढला की प्रवाह तोडणारी यंत्रणा अस्सल सेलच्या टोपीत असते. अगदी तळाच्या नकली सेलमध्ये ती नसतेच, मग आग लागली तर थांबवणारं काही उरत नाही.

शाश्वत विकासाचा संबंध लोकांना इथे दिसत नाही, याचं वाईट वाटतं. रॉकेलची चिमणी जाऊन सौर कंदील यावा, यामागचा सगळा हिशेब बॅटरी अमुक वर्षं चालेल या गृहीतावर उभा असतो. ती काही महिन्यांत मेली की पॅनेल, प्लॅस्टिक, तांबं आणि लिथियम यांसकट अख्खा दिवा कचऱ्यात जातो. घर पुन्हा रॉकेलकडे वळतं, आणि ‘सौर काही चालत नाही’ हे मत गावभर पक्कं होतं. त्या मताची भरपाई कोणतीही कंपनी देत नाही.

वायरमध्ये तर राजरोस लूट आहे. वरून तांब्याचा पातळ थर, आत ॲल्युमिनियम. कापलेलं टोक तांबूस दिसतं, इलेक्ट्रिशियनलाही चकवा बसतो. दीड चौरस मिलिमीटरच्या १०० मीटर गुंडाळीत तांबं असलं तर धातूचंच वजन सुमारे १.३४ किलो भरायला हवं, तांब्याचा मुलामा असलेल्या ॲल्युमिनियमचं जेमतेम अर्धा किलो भरतं. रोध मोजा: भरीव तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर वायरला किलोमीटरला जास्तीत जास्त १२.१ ओहम मान्य आहेत, लवचीक वायरला १३.३. म्हणजे १०० मीटरला १.२१ किंवा १.३३ ओहम. मीटरवर १.८ आले की आत काय आहे ते उघड आहे. रोध दीडपट झाला की तेवढ्याच प्रवाहाला वायर दीडपट उष्णता सोडते. शिवाय ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून सैल होतं, सांधा तापतो, आणि भिंतीत पुरलेल्या वायरीचा दोष कळतो तो जळका वास आल्यावर. ब्लेडने एक तार खरवडा, आत रुपेरी दिसेल. आधी गुंडाळीतल्या एका टोकाची तपासणी, मगच भिंतीत वायर. भिंत लिंपून झाल्यावर तपासून काय उपयोग?

सर्वांत भयंकर प्रकार फ्रिज-एसीच्या गॅसचा. आर-१३४ए या थंडावा देणाऱ्या गॅसच्या नावाने विकलेल्या सिलिंडरमध्ये आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, भरलेलं सापडतं. ते विषारी आणि ज्वलनशील असतं. त्यात आर-२२ हा दुसरा, जुना शीतक गॅस अशा बेताने मिसळतात की दाब बरोबर आर-१३४ए इतका यावा. म्हणून दाबाच्या तक्त्यावर विसंबणारा मेकॅनिक फसतो, आणि यात त्याचा काहीही दोष नाही, त्याला शिकवलेली चाचणीच नकली माल बनवणाऱ्याने आधी पार केलेली असते. आर-४०ची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम तयार होतं, आणि हवा लागताच ते आपोआप पेट घेतं. २०११ मध्ये जहाजांतून जाणाऱ्या शीतकंटेनरांच्या दुरुस्तीत असेच स्फोट होऊन तीन कामगार मेले.

आर-१३४एमध्ये क्लोरीन नसतं, आर-४० आणि आर-२२ या दोन्हींत असतं. म्हणून हॅलाइड दिव्यावर (गॅसगळती शोधायच्या ज्योतीच्या दिव्यावर) किंचित नमुना सोडायचा: ज्योत हिरवी झाली तर सिलिंडर परत. हे मोकळ्या हवेतच करा, जळताना विषारी वायू निघतात. गॅस आधीच यंत्रात गेल्याचा संशय असेल तर यंत्र उघडू नका, पाइप कापू नका, वेगळं ठेवून जाणकाराला बोलवा. आता पर्यावरणाचा हिशेब बघा. आर-२२ ओझोनला मारक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली हटवला जातोय, त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १८१० पट. कागदोपत्री तो गेला, आणि दुसऱ्याच नावाच्या सिलिंडरमधून परत आला. मिसळलेला गॅस शुद्ध करणं परवडत नाही, नष्ट करायला सोय नसते. मग तो रात्री हवेत सोडून दिला जातो.

इलेक्ट्रॉनिक चिपचं चक्र याच्याहून उघड आहे. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला नोंद होऊन नीट गोळा झालेला व पुनर्वापरात गेलेला फक्त २२.३ टक्के. उरलेल्यातले सर्किट बोर्ड निखाऱ्यांवर तापवून, आपटून चिप सुट्या करतात, धुतात, वरचा छाप घासतात, काळ्या रेझिनचा थर देऊन नवा क्रमांक आणि नवी तारीख छापतात. ॲसिटोनच्या बोळ्याने पुसल्यावर काळा रंग उतरला तर चिप नकली. नाही उतरला तरी अस्सल ठरत नाही, चांगली रेझिनं ॲसिटोनला दाद देत नाहीत. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ मध्ये लष्करी पुरवठ्यात अशी सुमारे १८०० प्रकरणं आणि दहा लाखांहून जास्त संशयित भाग मोजले. लष्कराच्या खरेदीखात्याला फसवणाऱ्यांपुढे साधा दुरुस्तीवाला कुठे पुरणार?

औषधांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते घरच्या काट्यावर पकडता येत नाही. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहांतलं एक वैद्यकीय उत्पादन निकृष्ट किंवा बनावट असतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७चा अंदाज आहे. मलेरियाच्या गोळीत औषध थोडंच घातलं तर रोगी बरा होत नाही, वर परजीवी त्या औषधाला सरावतो, आणि मग अस्सल गोळीही निकामी ठरते. खोका आणि आतली पट्टी यांवरचा बॅच क्रमांक आणि मुदत जुळतात का, एवढं तरी दर वेळी बघा. जुळलं नाही तर गोळी घ्यायची नाही.

आता यंत्रणांकडे येते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये नकली मालाचा जागतिक व्यापार ४६७ अब्ज डॉलरचा होता, एकूण आयातीच्या २.३ टक्के. एवढा मोठा धंदा, आणि फसलेल्या माणसाला दाद मागायला खिडकी नाही. पोलीस म्हणतात हा कंपनीचा ट्रेडमार्कचा वाद. ट्रेडमार्कवाले म्हणतात अर्ज हक्कधारकानेच, म्हणजे ट्रेडमार्कच्या मालकानेच, करायचा. कस्टम म्हणतं माल हद्दीत आला, आता आमचं काम नाही. ऑनलाइन बाजार विक्रेत्याचं खातं बंद केल्याचं कळवतो, आणि तोच माल नव्या नावाने पुन्हा लागतो. मूळ कंपनी अनुक्रमांक मागते, ‘हा आमचा नाही’ सांगते आणि फाइल मिटते. प्रयोगशाळेचा अहवाल आणा म्हणतात, तर त्याचा खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त.

हे नुसतं बाबूंच्या आळसाचं प्रकरण नाही, नियमच तसे लिहिलेत. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारात सीमेवर माल अडवायचा अर्ज करण्याचा अधिकार हक्कधारकाला आहे, कलम ५१. लहान पार्सलांतल्या थोड्या, बिगरव्यापारी मालाला यातून सूट देण्याची मुभा देशांना आहे, कलम ६०. फौजदारी कारवाईची सक्ती ‘व्यापारी प्रमाणावर’ केलेल्या नकलेपुरती, कलम ६१. आणि आज नकली माल कसा येतो? लहान लहान पार्सलांतून, एकेक नग. ज्या वाटेला सूट, त्याच वाटेने तो येतो. ग्राहक हा शब्द या तिन्ही कलमांत पीडित म्हणून कुठेच येत नाही. २०१५ मध्ये ठरलेल्या १७ शाश्वत विकास ध्येयांखाली १६९ लक्ष्यं आहेत: सुरक्षित औषधं आहेत, कचरा कमी करणं आहे, अवैध पैशाचे प्रवाह रोखणं आहे. नकली मालाचं नाव नाही. जप्त झालेला मालही बहुधा जाळला किंवा पुरला जातो, म्हणजे त्यात गेलेलं तांबं, पाणी, वीज दुसऱ्यांदा वाया.

तरी तक्रार करा, पण तयारीने. पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून सलग व्हिडिओ काढा. तोलकाट्यावरचं वजन त्याच व्हिडिओत दिसू द्या. पावतीवर मॉडेल आणि क्षमता लिहून घ्या, नुसतं ‘बॅटरी’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. तक्रारीत ‘नकली’ एवढाच शब्द वापरलात तर ट्रेडमार्कच्या फेऱ्यात अडकाल. ‘छापील क्षमता ९९००, मोजलेली ९००’ असं लिहा, म्हणजे तो खोट्या दाव्याचा ग्राहकवाद होतो आणि मूळ कंपनीची गरज उरत नाही. पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेकडे व्यवहार नाकारण्याची मुदत असते, विक्रेत्याच्या ‘दोन दिवस थांबा’मध्ये ती घालवू नका. विक्रेता ‘निम्मे पैसे परत घ्या, तक्रार मागे घ्या’ म्हणेल, तेव्हा लक्षात घ्या की निम्म्या पैशांतही त्याचा नफा शाबूत आहे.

आणि प्रकरण मिटल्यावर तो सेल भंगारवाल्याला तसाच देऊ नका. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, वरच्या आवरणावरचा छापील आकडा पक्क्या शाईने खोडून ‘बाद’ लिहा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या. आवरण सोलायला जाऊ नका, त्याखालचं सगळं नळकांडं ऋण टोक असतं आणि धन टोकाशी तिथेच शॉर्ट होतं.