काळ्या रानात कोणतं पाऊल?
गुडघ्याखालून एक पाय गेलेल्या आमच्या मामांनी परभणीकडच्या काळ्या रानात सॅच (घट्ट घोट्याचं, मऊ टाचेचं) आणि जयपूर फूट अशी दोन्ही प्रकारची कृत्रिम पावलं वापरली. सॅच पाऊल हलकं, पण त्याचा घोटा वाकत नाही आणि ते बुटासाठीच बनलेलं. पावसाळ्यात बुटाला चिखलाचे गोळे चिकटले की मामा बांधावरच बसून राहायचे.

जयपूर फूट रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ मध्ये घडवलं. वरून कातडीच्या रंगाचं रबर, म्हणून अनवाणी चालतं. उकिडवं बसता येतं. जड आहे खरं, लांब चाललं की मांडी भरून येते. तरी मामा आता निंदायला बसतात आणि संध्याकाळी हापशावर दोन्ही पाय सोबतच धुतात!

डांबरी रस्ता, खुर्चीतलं काम असेल तर सॅच चालेल. वावरात राबणाऱ्यानं मात्र माप देतानाच सांगावं, मी अनवाणी चालतो.