मांजरामागे धावणाऱ्या कुत्रीसाठी दहा मीटरची सरावाची दोरी

आमची शेवंती कारवान, म्हणजेच मुधोळ हाउंड जातीची. नजरेने सावज हेरून सुसाट धावण्यासाठीच ही जात पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली असल्यामुळे मांजर दिसताच तिला हाकेचे भान राहत नसे. म्हणून घेतलेली, प्लॅस्टिकचे आवरण असलेली ही दोरी चार महिन्यांच्या वापरानंतर मला मनापासून आवडली आहे.

आधीच्या नायलॉनच्या दोरीने माझ्या तळहाताची साल निघाली होती. ही दोरी चिखलातून ओढली गेली तरी फडक्याने पुसून स्वच्छ होते. मात्र ती गळपट्ट्याला कधीही अडकवू नये, कारण धावत्या कुत्र्याला बसणारा हिसका थेट मानेवर येतो. छातीच्या पट्ट्याच्या पाठीवरील कडीलाच ती लावावी.

पाठलाग घडूच न देणे हा हिचा खरा उपयोग, कारण कुत्र्याला पाठलाग हेच बक्षीस वाटते. आम्ही मांजरापासून बऱ्याच अंतरावर थांबायचो आणि शेवंतीने त्याच्याकडे पाहून मान माझ्याकडे वळवली, की त्याच क्षणी उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचो. परवा स्कूटरच्या सीटवर बसलेले मांजर पाहून तिचे कान ताठ झाले, पुढचा पाय उचलला गेला, आणि मग ती स्वतःहून माझ्याकडे वळली. माझे डोळे भरून आले. आता दोरी जमिनीवर मोकळी सोडून सराव चालू आहे, पण कुंपण नसलेल्या जागी मी ती अजून काढलेली नाही.