लायना रिंक, इथाका : कॉर्नेलच्या आईस हॉकीचा इतिहास जिथं लोकांना तोंडपाठ आहे

न्यूजर्सी, पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांत थंडीत पाहुणे आले की त्यांना कुठं न्यायचं हा प्रश्न पडतो. मी सगळ्यांना एकच सांगते. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावाला जा आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या लायना रिंकवर मुलांच्या आईस हॉकी संघाचा एक सामना बघा. कॉर्नेल म्हटलं की आपल्याकडे रतन टाटांचं नाव निघतं, ते इथंच आर्किटेक्चर शिकले. पण या गावात हिवाळ्यात कॉर्नेल म्हणजे हॉकी.

माझी लेक इथं पीएचडी करते, त्यामुळे थंडीचे महिने माझा मुक्काम तिच्याकडे असतो. त्याआधी सातारा जिल्ह्यात मी शाळेत खेळ शिकवला, खो-खोचे संघ बांधले. तेव्हा हे लिहिणं खेळ शिकवलेल्या बाईचं आहे. बर्फावर मी कधी पाय ठेवलेला नाही, पण संघ कसा असतो ते मला कळतं.

आधी जागेबद्दल. रिंक लहान आहे, ४,२६७ माणसांची. आजकालच्या स्टेडियमसारखी चकचकीत दुकानं, गुबगुबीत खुर्च्या यांची अपेक्षा धरून जाऊ नका. या लहानपणातच तिची सगळी ताकद आहे. छत खाली, माणसं बर्फाला लगटून बसलेली, त्यामुळे आवाजाला बाहेर जायला जागाच नाही. स्केटचं पातं बर्फात रुतून खेळाडू वळतो तेव्हाची खरखर ऐकू येते. पक फळीवर आदळला की बाकावर बसल्या बसल्या धक्का जाणवतो. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कडक रबराची चकती. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही, बर्फावरून सरळ घसरत जाते. टीव्हीवर ती दिसतच नाही, ही सगळ्यांची तक्रार असते. इथं दिसते, कारण ती डोळ्यांसमोरून जाते.

ही इमारत १९५७ मध्ये उघडली. जेम्स लायना हे १९०५ च्या तुकडीचे विद्यार्थी, पुढे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे संचालक झाले, त्यांचं नाव तिला दिलं. त्याआधी कॉर्नेलची मुलं कॅम्पसमधल्या बीबी तलावावर खेळायची. थंडी पडली, तलाव नीट गोठला, तर सामना. नाही तर नाही. १९११ चा संघ एकही सामना न हरता अजिंक्य राहिला होता, असली परंपरा असूनही बर्फाचा भरवसा नाही म्हणून १९४८ मध्ये संघ बंदच करावा लागला. नऊ वर्षं कॉर्नेलला हॉकी नव्हती. छप्पर आलं, कृत्रिम बर्फ आला, आणि मग खेळ परत आला. सामन्याला आलात तर दुपारी आधी बीबी तलावाला चक्कर मारा. धबधबा आहे, पायवाट आहे, आणि उघड्यावर खेळणाऱ्या त्या पोरांनी काय सोसलं असेल ते पाच मिनिटांत हाडांना कळतं.

आता सामना. पाहुण्या संघातल्या खेळाडूंची नावं पुकारायला सुरुवात झाली की विद्यार्थ्यांची अख्खी बाजू वर्तमानपत्रं उघडून तोंडासमोर धरते. तुमच्यात आम्हाला रस नाही, असा त्याचा अर्थ. नावं संपली की त्याच कागदांचे बोळे होतात आणि हवेत उडतात. मग राष्ट्रगीत. त्यात ‘रेड’ हा शब्द आला की सगळी रिंक एका दमात तो ओरडते, कारण लाल हा कॉर्नेलचा रंग. सत्राचं शेवटचं मिनिट राहिल्याची घोषणा झाली की चार हजार माणसं निवेदकाला मोठ्यानं ‘थँक यू’ म्हणतात. कॉर्नेलनं गोल केला की समोरच्या गोलरक्षकाकडे बोटं रोखून ‘चाळणी, चाळणी’ आणि पाठोपाठ ‘सगळी चूक तुझीच’. हा प्रकार मला आवडत नाही. त्या पोराची आई कुठं तरी बसलेली असते. लेक म्हणते, आई, हे सगळ्यांनाच ऐकावं लागतं. असेल, पण शिक्षिकेच्या कानाला ते टोचतं, आणि लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आधी समजावून ठेवावं.

या माणसांना इथं ‘लायना फेथफुल’ म्हणतात. पहिल्यांदा येणाऱ्याला कोणी नियम शिकवत नाही, शेजारच्याचं बघून तो दुसऱ्या सत्रापर्यंत तयार होतो. आमच्या शेजारी एक आजोबा होते, लाल लोकरी टोपी, मांडीवर नात. त्यांनी मला छताकडे बोट करून १ आणि २५ हे दोन क्रमांक दाखवले. हे दोन क्रमांक आता कोणाला देत नाहीत. २५ होता जो न्यूवेंडाइकचा, तो १९८० च्या दशकात इथं खेळला आणि पुढे व्यावसायिक हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. १ होता केन ड्रायडनचा. ते नाव घेताना आजोबांचा आवाज बदलला.

ड्रायडनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. कॅनडाचा हा उंचापुरा मुलगा, व्यावसायिक संघानं आधीच निवडलेला असताना शिकायचं म्हणून कॉर्नेलला आला. इतिहास हा विषय घेतला आणि १९६९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. तीन हंगामांत त्यानं गोल राखलेल्या सामन्यांचा हिशोब असा : ७६ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. खेळ थांबला की तो स्टिक उभी धरून तिच्या टोकावर हात आणि हातांवर हनुवटी ठेवून शांत उभा राहायचा, ती त्याची मुद्रा जगभर प्रसिद्ध झाली. १९७१ मध्ये मॉन्ट्रियलकडून फक्त सहा सामने खेळलेला असताना त्यानं संघाला स्टॅन्ले कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीचा सगळ्यात मोठा करंडक, जिंकून दिला. नंतर वकील झाला, कॅनडाच्या संसदेत गेला, मंत्री झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला. खेळात लक्ष घातलं तर अभ्यास बुडतो, असं म्हणणाऱ्या किती तरी पालकांशी मी वाद घातले आहेत. त्या सगळ्यांना मी हा १ नंबर दाखवला असता.

हा संघ घडवला प्रशिक्षक नेड हार्कनेस यांनी. १९६३ मध्ये ते आले, येण्याआधी आरपीआय या दुसऱ्या कॉलेजला त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. कॅनडातून खेळाडू हेरून आणायचे, शिस्त कडक ठेवायची, ही त्यांची रीत. १९६७ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीला ४-१ हरवून कॉर्नेल पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला. आणि मग आलं १९७०. ड्रायडन पदवी घेऊन गेलेला, गोलमध्ये ब्रायन क्रॉपर, आणि हा संघ एकामागून एक जिंकत सुटला. २९ सामने, २९ विजय, पराभव नाही, बरोबरीही नाही. अंतिम सामना लेक प्लॅसिड या गावी, क्लार्कसन या न्यूयॉर्क राज्यातल्याच विद्यापीठाशी होता. डॅन लोडबोआ या बचावपटूनं तिसऱ्या सत्रात एकट्यानं तीन गोल ठोकले आणि कॉर्नेल ६-४ नं जिंकला. अमेरिकेत कॉलेज हॉकीच्या वरच्या गटात पूर्ण हंगाम निर्भेळ जिंकून विजेतेपद घेणारा दुसरा पुरुष संघ त्यानंतर झालेला नाही, आधीही नव्हता. त्याच उन्हाळ्यात हार्कनेस डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघाकडे गेले.

राष्ट्रीय विजेतेपदं ही दोनच, १९६७ आणि १९७०. त्यानंतर अर्धशतक उलटलं, तिसरं आलेलं नाही. मला या जागेचं सगळ्यात मोठं कौतुक याचंच वाटतं. जिंकणाऱ्यामागे गर्दी कुठंही होते. इथं आजोबांनी पाहिलेलं विजेतेपद नातीला ऐकून माहीत आहे आणि तरी दोघं दर हिवाळ्यात त्याच बाकावर आहेत.

खेळ कळायला अवघड जाईल या भीतीनं कोणी थांबू नये. आपल्या लोकांना मी खो-खोवरून सांगते. खो-खोत पळणारे तिघातिघांच्या तुकडीनं आत येतात, तसे इथं आक्रमक तिघातिघांच्या तुकडीनं बर्फावर उतरतात. जीव तोडून पाऊण मिनिट पळायचं आणि खेळ न थांबवता बाहेर यायचं, दुसरे तिघं कठड्यावरून उडी मारून आत. कुठली तुकडी कोणासमोर उतरवायची, हे सगळं प्रशिक्षकाचं डोकं. तुम्ही पकच्या मागं डोळे पळवू नका, दहा मिनिटं नुसता तो कठडा बघा. दमलेली तुकडी वेळेवर बाहेर आली नाही की लगेच गोल बसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. वीस वीस मिनिटांची तीन सत्रं असतात. कॉलेजच्या हॉकीत तोंडावर पूर्ण जाळी सक्तीची असते आणि मारामारी केली तर खेळाडूला बाहेर काढतात, शिवाय पुढच्या सामन्यालाही मुकावं लागतं. त्यामुळे टीव्हीवर दिसणारी ठोसेबाजी इथं दिसत नाही. मुलांना घेऊन जायला हे बरं.

कॉर्नेल आयव्ही लीग या अमेरिकेतल्या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात आहे, तिथं खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. बर्फावरची ही पोरं दुसऱ्या दिवशी लेकीच्या शिकवणीवर्गात इतरांसारखीच गणितं सोडवत बसलेली असतात.

हार्वर्डचा सामना ही वेगळीच गोष्ट. १९७३ मध्ये हार्वर्डच्या मैदानावर तिथल्या कोणी तरी कॉर्नेलच्या गोलरक्षकाकडे मेलेली कोंबडी फेकली. कॉर्नेलमध्ये शेतकी कॉलेज आहे, त्यावरून ही टिंगल. हार्वर्ड बोस्टनला लागून, आणि बोस्टन हे समुद्राकाठचं, मासेमारीचं शहर, म्हणून इथल्या मुलांनी उत्तर मासळीनं दिलं. तेव्हापासून हार्वर्डचा संघ लायनाच्या बर्फावर उतरला की मासे पडतात. दारावर तपासणी होते, तरी कपड्यांच्या आत गुंडाळून आणतातच. बर्फावर सपकन आपटून घसरत जाणारा अख्खा मासा मी पाहिला. मग फावडी घेऊन माणसं येतात, बर्फ साफ होतो, वास तेवढा पहिल्या रांगांत राहतो. माझं माहेर मालवणकडचं. तो मासा बघून माझा जीव हळहळला, खाण्याची वस्तू अशी टाकू नये. पण दोन संघांतलं वैर पन्नास वर्षं कसं टिकतं, हे बघायचं असेल तर याच सामन्याला जावं. या सामन्याची तिकिटं सगळ्यात आधी संपतात.

या वैराच्या गोष्टीतलं दुसरं नाव माइक शेफर. कॉर्नेलचा खेळाडू असताना हार्वर्डविरुद्धच्या सामन्याआधी त्यानं स्वतःच्या डोक्यावर स्टिक मोडली, ती गोष्ट इथं अजून सांगतात. १९८६ च्या तुकडीचा हा मुलगा १९९५ मध्ये प्रशिक्षक म्हणून परत आला आणि तीस वर्षं राहिला. २००३ मध्ये त्याचा संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीत एका गोलनं हरला. २००६ मध्ये विस्कॉन्सिनशी सामना तीन जादा सत्रांपर्यंत गेला आणि १-० नं निसटला. आणि २०२०. त्या मार्चमध्ये कॉर्नेल देशात पहिल्या क्रमांकावर होता, मुलींचा संघही पहिल्या क्रमांकावर, आणि कोविडमुळे सगळा हंगामच रद्द झाला. मैदानावर हरणं आणि मैदानावर उतरूच न देणं यात फार फरक आहे. शाळेत पावसानं अंतिम सामना रद्द झाला तरी माझ्या मुली आठवडाभर रडायच्या. ही पोरं चार वर्षं त्या एका महिन्यासाठी पळाली होती. त्यांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना ती संधी परत कधीच मिळाली नाही. याबद्दल इथं लोक आजही जपून बोलतात.

शेफर २०२५ मध्ये निवृत्त झाले. जाताना त्यांच्या संघानं ईसीएसी या त्यांच्या गटाचं विजेतेपद सलग दुसऱ्यांदा घेतलं. तेही लेक प्लॅसिडला, आणि समोर होता क्लार्कसन. १९७० चंच गाव, १९७० चाच प्रतिस्पर्धी. आता संघ केसी जोन्स यांच्याकडे आहे, तेही कॉर्नेलचेच जुने खेळाडू.

आता व्यवहाराचं. बाहेर उणे तापमान आणि आत बर्फ, तेव्हा घरून निघताना जे घालाल ते आतही अंगावर ठेवायचं. पायांत दोन जोड मोजे, आणि आजी-आजोबा सोबत असतील तर बाकावर घालायला घडीची सतरंजी. मध्यंतरात पॉपकॉर्न, हॉट चॉकलेट मिळतं. रांग लागते, म्हणून सत्र संपायच्या एक मिनिट आधी एकानं उठावं. जेवण आधी गावात उरकून घ्या. न्यूजर्सीतल्या एडिसनहून साधारण चार तासांचा रस्ता आहे, शेवटचा भाग डोंगराळ, आणि बर्फ पडत असेल तर रात्री परतू नका. सामने बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी असतात, हंगाम ऑक्टोबरअखेरीस सुरू होतो. इतक्या लांब यायचं नसेल तर एक वर्षाआड नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, कॉर्नेल आणि बोस्टन युनिव्हर्सिटीचा सामना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होतो. २००७ पासूनची ही प्रथा आहे. तिथं खुर्च्या मऊ आहेत, ट्रेननं जाता येतं, लाल टोप्याही दिसतील.

तरी पहिल्यांदा जाणार असाल तर लायनालाच जा. माझ्याकडून पाचपैकी पाच, चाळणीच्या आरोळ्या धरूनसुद्धा. हार्वर्डचं तिकीट मिळालं नाही तर क्लार्कसनचा सामना निवडा. जागा विद्यार्थ्यांच्या समोरच्या बाजूला घ्या, म्हणजे बर्फ आणि ती पोरं दोन्ही समोर दिसतात. आणि सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी आत जाऊन बसा, कारण वर्तमानपत्रं सामना सुरू व्हायच्या आधीच उघडतात.