टिक्का टी३एक्स लाइट, ७ एमएम-०८: एल्क आणि हरणाच्या डोंगरांत वापरल्यानंतर

मे महिन्यात ७ एमएम-०८ या काडतुसाची ही रायफल घेतली. उन्हाळाभर रेंजवर चालवली, ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या फ्लॅट टॉप्स पठारावर एल्क या थोराड हरणामागे आणि नोव्हेंबरात खालच्या सेजब्रशच्या झुडपांच्या टेकड्यांवर म्यूल डिअर जातीच्या हरणामागे नेली. माझं मत आधीच सांगतो: डोंगरातल्या शिकारीसाठी रायफल हलकीच घ्यावी, पण मग काडतूसही सौम्य घ्यावं. यातलं पहिलं वाक्य दुकानात सगळेच ऐकवतात. दुसरं फारसं कुणी सांगत नाही, आणि खरं महत्त्व त्यालाच आहे.

वजनाचं एवढं काय, असं वाटत असेल तर आधी ती जागा समजून घ्या. फ्लॅट टॉप्सचं पठार व्हाइट रिव्हर राष्ट्रीय अरण्यात येतं आणि त्याचा बराच भाग १०,००० फुटांच्या वर आहे. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंची. एल्क पहाटे कुरणात चरतात आणि उजाडलं की उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडीत शिरतात. त्यांच्या आधी कुरणाच्या काठाशी पोचायचं तर अंधारात चढायला लागायचं. विरळ हवेत अर्धा किलोही खांद्याला जाणवतो. आधी मी शेजारच्या काकांची .३०-०६ काडतुसाची रायफल नेत असे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, जुनी जड दुर्बीण, सगळं मिळून साडेचार किलोंच्या घरात. नवी रायफल दुर्बीण, पट्टा आणि तीन काडतुसांसह साडेतीन किलोंच्या थोडी वर भरते. चढून गेल्यावर श्वास लवकर जागेवर येतो, आणि श्वास जागेवर आला की नेमही जागेवर राहतो.

टिक्का हे फिनलंडच्या साको कंपनीचं नाव. टी३ ही मालिका २००३ मध्ये आली आणि तिचीच सुधारलेली टी३एक्स २०१६ मध्ये. मी स्टेनलेस नळीची घेतली. नुसत्या रायफलीचं वजन तीन किलोंच्या आत, नळी साडेबावीस इंचांच्या आसपास, दस्ता सिंथेटिक. बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा सरकता दांडा, फक्त ७० अंश उचलावा लागतो, त्यामुळे जाड हातमोजे घातले तरी बोटं दुर्बिणीला अडत नाहीत. बोल्ट इतका गुळगुळीत सरकतो की दुसरी गोळी भरताना गाल दस्त्यावरून हलवावा लागत नाही. चापाचा ताण एक ते दोन किलोंच्या दरम्यान लावून घेता येतो; मी दीडच्या जरा खाली ठेवला आहे. गार बोटांना यापेक्षा हलका चाप मी देणार नाही. मॅगझिन काढता येणारं, तीन काडतुसांचं. जास्तीचं एक घेऊन ठेवलं आहे. कंपनी सगळ्या काडतुसांसाठी एकाच लांबीची ॲक्शन (काडतूस भरायची यंत्रणा) वापरते, तेव्हा आखूड काडतूस निवडून वजन वाचेल या हिशेबाने ७ एमएम-०८ घेऊ नका. ते घ्यायचं कारण वेगळं आहे.

ते कारण म्हणजे धक्का. गोळी आणि दारू तीच राहिली तर रायफल जितकी हलकी तितकी ती खांद्यावर जोरात येते, हे पदार्थविज्ञान कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने अडीच किलोंच्या आतली अतिहलकी रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसात घेतली. हातात घेतली की कौतुक वाटतं. रेंजवर मात्र चौथ्या-पाचव्या गोळीपासून तो चाप दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागला. ही सवय एकदा जडली की सुटायला महिने लागतात, आणि तिची किंमत जखमी होऊन निसटलेलं जनावर मोजतं. वजन सारखं धरलं तर .३०० मॅग्नमचा धक्का ७ एमएम-०८ च्या जवळपास दुप्पट असतो. ७ एमएम-०८ म्हणजे १९५२ सालच्या .३०८ विंचेस्टरचंच नळकांडं, तोंड आवळून सात मिलिमीटरच्या गोळीसाठी केलेलं. रेमिंग्टनने ते १९८० मध्ये बाजारात आणलं. १४० ग्रेनची, म्हणजे नऊ ग्रॅमची गोळी ते सेकंदाला २८०० फुटांच्या आसपास फेकतं.

एल्कला हे पुरतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. पुरतं, पण अंतराची मर्यादा पाळली तरच. एल्क सांबरापेक्षाही थोराड असतो. मादी सव्वादोनशे किलोंची, वाढलेला नर तीनशेच्या पुढे. शिकाऱ्यांमध्ये एल्कसाठी १५०० फूट-पौंड ऊर्जेचा जुना ठोकताळा आहे आणि ही गोळी साधारण ३०० यार्डांपाशी त्या रेषेला येते. म्हणून ३०० यार्डांपलीकडे मी रायफल उचलत नाही, मग शिंगं कितीही मोठी असोत. गोळी मी नोझलर पार्टिशन वापरतो. जॉन नोझलरने ती १९४८ पासून विकायला सुरुवात केली. तिच्या मधोमध तांब्याची भिंत असते. पुढचा भाग फुलतो आणि मागचा अखंड राहून खोल जातो. हरणाच्या पातळ बरगड्या आणि एल्कचा जाड खांदा, दोन्हीकडे ती नीट काम करते. शिसं नको असेल त्यांना अखंड तांब्याच्या गोळ्या मिळतात. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीसाठी बिनशिशाच्याच गोळ्या सक्तीच्या आहेत.

आता नेमाबद्दल. बारीक नळी लवकर तापते. गार नळीतून १०० यार्डांवर पहिल्या तीन गोळ्या इंचभरात बसतात, नंतर पसरायला लागतात. शिकारीत पहिलीच गोळी मोलाची असल्यामुळे मला याचं काही वाटत नाही. रेंजवर मात्र तीन गोळ्या झाल्या की बोल्ट उघडा टाकून मी स्वस्थ बसतो. हलकी रायफल टेकूवर नुसती ठेवून चालत नाही, ती उसळते. डाव्या हाताने पुढचा दस्ता धरून खाली दाबून ठेवावा लागतो आणि गोळी सुटल्यावरही गाल तसाच टेकलेला लागतो. उभ्याने नेम धरला तर नळीचं टोक जड रायफलीपेक्षा जास्त भटकतं, वाऱ्यात तर फारच. म्हणून मी उन्हाळाभर बाकावरचा सराव कमी केला आणि बसून, चालायच्या दोन काठ्यांची फुली करून तिच्यावर टेकवून जास्त केला. शंभर पावलं धावत जाऊन लगेच बसायचं आणि गोळी झाडायची, हा सराव डोंगरात सगळ्यात कामी आला.

थंडीसाठी काही गोष्टी. बोल्टमधलं दाट तेल पुसून काढा, गोठणाऱ्या पहाटे ते चिकट होतं. आणि रायफल बाहेरून एकदम उबदार तंबूत आणू नका, लेन्सवर आणि धातूवर दव धरतं. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावली की बर्फ आत जात नाही. गोळी ती सहज फाडून जाते. पट्टा मात्र मी बदलला. आधी घेतलेला पाठपिशवीच्या पट्ट्यावरून सारखा घसरायचा.

एल्क मिळाला तो ऑक्टोबरातल्या, रायफल-शिकारीच्या दुसऱ्या मोसमात, झाडीच्या कडेला, दोनशे यार्डांच्या आत. मादी होती, आडवी उभी. काठ्यांवर टेकवून खांद्याच्या जरा मागे नेम धरला. ती थोडी पळाली आणि झाडीतच पडली. मला हायसं वाटलं ते तिला फार त्रास झाला नाही म्हणून. हाडं काढून साठ किलोंच्या आसपास मांस निघालं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कोलोरॅडोत बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. मांस वाहून आणायच्या खेपा करताना हलक्या रायफलीचा दुसऱ्यांदा उपयोग झाला. ती पाठपिशवीला बांधलेली आहे हे ध्यानातही येत नव्हतं.

इथे कामाच्या व्हिसावर असलेल्यांसाठी एक महत्त्वाचं. एच-१बीसारख्या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना हा तिला असलेला एक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत परवान्याआधी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि रायफलीच्या मोसमात अंगावर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी लागते. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली ते मला मनापासून पटतं. इथे कळपांची गणती करून परवाने ठरतात आणि परवान्याच्या पैशांतून अधिवासाची निगा राखली जाते, म्हणूनच मी यात उतरलो.

घेणार असाल तर दुकानात नुसती रायफल तोलू नका. मनातली दुर्बीण चढवून वजन बघा, कारण अनेक जण रायफलीत वाचवलेलं वजन मोठ्या दुर्बिणीत परत चढवतात. माझी दुर्बीण अडीच ते आठ पट, ३६ मिलिमीटरची आहे आणि ३०० यार्डांना तेवढी भरपूर होते. दस्त्याची लांबीही पाहा. माझी पत्नी यंदा म्यूल डिअरचा परवाना काढते आहे आणि हा दस्ता तिला लांब पडतो. तिच्यासाठी याचीच आखूड आवृत्ती बघतो आहोत, काडतूस ७ एमएम-०८ च, म्हणजे घरात एकाच जातीची काडतुसं राहतील.